नॉर्विचच्या ओतशाळांची साक्ष

छोट्या कारखान्यांविषयीची आपल्याकडची चर्चा गेली कित्येक वर्षे एकाच चाकोरीतून फिरते आहे. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्या असोत, भोसरीतली मशीन शॉप्स असोत की इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे लोक मोठे का होत नाहीत? मागोमाग इंग्लंडचा दाखला येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या गावोगावी लोखंडी सामानाची दुकाने होती आणि कित्येक दुकानांच्या मागे ओतशाळा, म्हणजे फाउंड्र्या, होत्या. आजोबांनी घाम गाळला, मुलाने धंदा सांभाळला, नातू मात्र जमीन घेऊन सरदारासारखा राहू लागला. भांडवल घातले नाही, यंत्रे बदलली नाहीत, पगारी व्यवस्थापक नेमले नाहीत. शेवटी जर्मनी आणि अमेरिकेच्या अवाढव्य कारखान्यांनी त्यांना गिळले. तात्पर्य, मोठे व्हा, नाहीतर मिटून जा. या चर्चेतले मला सर्वात खटकणारे अंग असे की, छोट्यांची बाजू घेणारेही हा दाखला निमूटपणे मान्य करतात आणि ‘पण रोजगार तर छोटेच देतात’, ‘पण परंपरा टिकली पाहिजे’ अशा विनवणीवर उतरतात. जी साक्ष मुळात उलट बाजूची आहे, ती विरुद्ध पक्षाला बहाल करून दयेचा अर्ज करण्याचे कारण काय?

माझे म्हणणे असे की, त्या ओतशाळा लहान राहिल्या म्हणून मेल्या नाहीत. ज्या कामासाठी त्या उभ्या होत्या ते काम, ज्या गिऱ्हाइकावर त्या जगत होत्या ते गिऱ्हाईक आणि ज्या भरवशावर त्यांना उधारी-कर्ज मिळे ती पत, या तिन्ही गोष्टी १८७० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्या पायाखालून सरकल्या. लहानपणा हा त्या धंद्याचा आजार नव्हता. तो त्या कामाला बेतलेला आकार होता. आणि ‘मोठे होणे’ हे औषध ज्यांनी घेतले, त्यांच्यापैकी अनेकांना त्या औषधानेच मारले.

आधी हा धंदा काय होता ते नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर त्याचे चित्रच नसते. रस्त्याच्या बाजूला दुकान: खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, बादल्या, साखळ्या, शेगड्या, स्वयंपाकघरातल्या भिंतीत बसवायच्या बिडाच्या चुली. दुकानामागच्या आवारात लोहाराची भट्टी, पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती, करणाऱ्या सुताराची खोली आणि क्युपोला. जॉन विल्किन्सनने १७९४ साली पेटंट घेतलेली ही उभी भट्टी छोट्या ओतशाळेचा प्राण होती. तिच्यात कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा), कच्च्या लोखंडाच्या लाद्या, भंगार आणि चुनखडी थरांनी भरून खालून वारा फुंकला की काही तासांत वितळलेले बीड खालच्या तोंडातून वाहू लागते. ती रोज पेटवणे परवडत नसे. म्हणून आठवड्याचे बहुतेक दिवस साचे भरण्यात जात आणि ठरल्या दिवशी ओतकाम होई. शेतकरी नांगराचा तुटलेला भाग किंवा कडबा कापायच्या यंत्राचे दात गेलेले चाक घेऊन दुकानात येई. सुतार त्याचा लाकडी पॅटर्न करी, आणि तो मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा करी, कारण बीड गोठताना फुटामागे सुमारे १/८ इंच आकसते. त्यासाठी त्याच्याजवळ वेगळी, मुद्दाम वाढीव मापाची पट्टी असे. मोल्डर, म्हणजे साचे भरणारा कारागीर, तो पॅटर्न पेटीतल्या ओल्या वाळूत दाबून काढी, पोकळीच्या कडा बोटांनी आणि लहान करणीने नीट करी, हवा जायला तारेने भोके पाडी, आणि मग कडछीतून रस ओतला जाई. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफेने ओतीव भागात पोकळ्या पडत. कमी पडली तर साचा ढासळे. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नसे. मूठभर वाळू हातात दाबून, ती मोडून, तिच्या तुटलेल्या कडेकडे पाहून मोल्डर ते ठरवी. आज कोल्हापुरात ओतकाम करणाऱ्या जुन्या माणसाला यातले एकही वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

अशा धंद्यांत मोठे थोडे आणि लहान फार, ही काही अपवादाची स्थिती नव्हती. १८५१ च्या जनगणनेत ज्या मालकांनी आपल्या कामगारांची संख्या कळवली, त्यांच्यातल्या बहुसंख्यांकडे दहापेक्षा कमी माणसे होती. ज्या वर्षी लंडनच्या काचमहालात ब्रिटन साऱ्या जगाला आपले औद्योगिक वैभव दाखवीत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. औद्योगिक क्रांतीचा इतिहास लोखंडाचे डार्बी, वाफेच्या इंजिनाचे वॉट आणि रेल्वेचे स्टीफन्सन यांच्या नावांनी सांगण्याची सवय लागल्यामुळे आपल्याला वाटते की मोठे कारखाने हा नियम होता आणि गावातली ओतशाळा ही मागे राहून गेलेली जुनी गोष्ट होती. वस्तुस्थिती अशी की, ब्रिटन जगाचा कारखाना म्हणवला जात होता तो या लहान लहान आवारांच्या बेरजेवर.

एकच उदाहरण जरा जवळून पाहू. पूर्व इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातले नॉर्विच हे शहर. तिथे ना दगडी कोळसा, ना लोखंडाची खनिजे. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या चार्ल्स बर्नार्डने १८२६ साली तिथे लोखंडी सामानाचे दुकान काढले. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे शेतकरी आणि जमीनदार. त्यांच्या मळ्यांत सशांचा उपद्रव होता, कोंबड्यांना कोल्ह्यापासून जपायचे होते, स्वस्त आणि लवचिक कुंपण हवे होते. बर्नार्डने १८४४ साली तारेची जाळी विणण्याचे यंत्र तयार केले. ही कल्पना लोखंडाच्या धंद्यातून आलेली नव्हती, ती मागाची होती. नॉर्विच हे शेकडो वर्षांचे विणकरांचे शहर; त्याचा कापडधंदा त्या सुमारास यॉर्कशरच्या गिरण्यांपुढे खचत चालला होता, पण धागा धाग्याभोवती कसा फिरवावा हे ज्ञान गल्लीगल्लीत शिल्लक होते. सुताच्या जागी तार आली. ते मूळ यंत्र आज नॉर्विचच्या संग्रहालयात जपलेले आहे. पुढे जॉन बिशप भागीदार झाला, मग मुले आली, आणि धंद्याचे नाव ‘बर्नार्ड, बिशप अँड बर्नार्ड्स’ झाले. टॉमस जेकिल या वास्तुरचनाकाराने रेखाटलेली आणि या ओतशाळेने घडवलेली पानाफुलांची भव्य लोखंडी फाटके १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली गेली. नॉर्फकच्या लोकांनी वर्गणी काढून ती युवराजाला लग्नाची भेट म्हणून दिली आणि सँडरिंगहॅमच्या राजवाड्यापाशी ती आजही उभी आहेत. १८७६ साली याच ओतशाळेने जेकिलच्याच रेखाटनावरून जपानी धाटणीचा लोखंडी मंडप फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात नेला. त्याच्या कठड्यावरच्या सूर्यफुलांचे काही भाग नॉर्विचमध्ये अजून पाहायला मिळतात.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, हे तर आमचेच उदाहरण झाले. दुकान वाढले, कारखाना झाला, जगात नाव झाले. त्याच शहरातला दुसरा दाखलाही त्यांना देता येईल: १७९७ साली निघालेल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानातून ‘बोल्टन अँड पॉल’ ही कंपनी उभी राहिली, पहिल्या महायुद्धात तिने हजाराहून अधिक सॉपविथ कॅमल विमाने बांधली आणि पुढे ‘आर १०१’ या महाकाय हवाई जहाजाचा पोलादी सांगाडाही पुरवला. खिळे विकणारे विमाने बांधू लागले, मग बाकीच्यांना काय धाड भरली होती?

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण बर्नार्डच्या वाढीचा क्रम पाहा. आधी मोठा होण्याचा संकल्प आणि मग त्यासाठी वस्तूचा शोध, असे झाले नाही. दुकानाच्या फळीवर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याची अडचण रोज कानावर पडत होती, मागच्या आवारात ती सोडवून पाहण्याची सोय होती, आणि शहरात दुसऱ्याच धंद्याचे ज्ञान सहज उपलब्ध होते. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये औद्योगिक वस्त्यांविषयी लिहिताना असे सांगितले की, तिथे धंद्यातली मर्मे जणू हवेतच असतात आणि मुले ती नकळत शिकतात. नॉर्विचमध्ये झाले ते हेच. दुकान, ओतशाळा आणि शेजार या तिहींचे लहान अंतर हीच त्या शोधाची जन्मभूमी होती. त्या जन्मभूमीतून शंभरातला एखादा वाढून मोठा होतो हे खरेच. पण म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांना नापास ठरवायचे का? साठ-सत्तर वर्षे एका तालुक्याचे नांगर, पंप आणि चुली चालत्या ठेवणारी ओतशाळा, दोन पिढ्यांच्या मोल्डरांना हुन्नर शिकवणारी ओतशाळा, कोणत्या मापाने अपयशी ठरते? तिने स्वतःपुढे जे काम ठेवले होते ते तिने पूर्ण केले.

आता विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा घेतो. अनेक नामवंत इतिहासकारांनी ब्रिटिश घराणेशाही धंद्यांवर गंभीर ठपका ठेवला आहे. डेव्हिड लँडिस यांनी उत्तरार्धातल्या व्हिक्टोरियन उद्योजकांच्या सुस्तीवर बोट ठेवले. आल्फ्रेड चँडलर यांनी दाखवून दिले की अमेरिकन आणि जर्मन कंपन्यांनी पगारी व्यवस्थापकांची फळी उभारली, तेव्हा ब्रिटिश घराणी सगळे निर्णय आपल्याच हाती ठेवून बसली. हे आरोप खोटे नाहीत. रसायने, वीजयंत्रे आणि पोलाद या क्षेत्रांत ब्रिटन मागे पडले, आणि त्यात मालकांच्या आवडीनिवडींचा वाटा होता. ज्या धंद्यात भट्टीचा आकार दुप्पट केल्याने खर्च निम्म्यावर येतो, त्या धंद्यात लहान राहणे आत्मघातकी असते, हे मी पूर्णपणे मान्य करतो. परंतु चँडलर ज्यांच्याविषयी बोलत होते ते देशातले सर्वात मोठे उद्योग होते. त्यांच्यावरचा निष्कर्ष गावच्या ओतशाळेला लावण्याचा अधिकार कोणी दिला? शिवाय अर्थ-इतिहासकार डिअर्ड्रे मॅक्लॉस्की यांनी १९७० सालीच उलट बाजू हिशेबाने मांडली होती: त्या परिस्थितीत, त्या किमतींना, व्हिक्टोरियन उद्योजकांनी केलेल्या निवडी बहुतांशी शहाण्या होत्या. आणि परिस्थिती कशी होती? अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांतला गहू रेल्वेने आणि आगबोटींनी येऊन धडकला, १८७९ च्या पावसाने हंगाम नासला, आणि १८९४ पर्यंत इंग्लंडमधला गव्हाचा भाव १८७० च्या दशकातल्या भावाच्या निम्म्याखाली गेला. नॉर्फक हा गव्हाचा मुलूख. शेतकरीच नवा नांगर घेत नाही, जुना दुरुस्त करून त्याचेही पैसे पुढच्या सुगीला देतो, अशा काळात ओतशाळेचा मालक आळशी होता की उद्यमी होता याने कितीसा फरक पडणार होता?

‘इंग्रजांनी बाहेर पाहिलेच नाही’ या विधानाचेही तसेच आहे. नॉर्फकशेजारच्या सफक परगण्यातल्या लेस्टन या जेमतेम खेड्याएवढ्या गावात गॅरेट घराण्याचा कारखाना होता. १८५१ च्या प्रदर्शनात अमेरिकन कामाची पद्धत पाहून आलेल्या तिसऱ्या रिचर्ड गॅरेटने लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत अशी लांबलचक इमारत उभारली, की जिच्यात वाफेचे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत सरकत पूर्ण व्हावे. फोर्डच्या मोटारींच्या साठ वर्षे आधीची ही गोष्ट, आणि करणारा तिसऱ्या पिढीतला.

पण मोठे होण्याच्या औषधाची खरी कहाणी पुढे आहे, आणि ती आपल्या चर्चांमध्ये मला कधीच ऐकू आलेली नाही. १९१९ साली, पहिले महायुद्ध संपताच, इंग्लंडमधल्या शेतीयंत्रांच्या अनेक जुन्या घराण्यांना नेमका हाच सल्ला देण्यात आला: एकेकटे राहाल तर मराल, एकत्र या, मोठे व्हा. ‘ॲग्रिकल्चरल अँड जनरल इंजिनीअर्स’ नावाचा संघ स्थापन झाला. थेटफर्डचे बरेल, लेस्टनचे गॅरेट, बेडफर्डचे हॉवर्ड, रॉचेस्टरचे एव्हलिंग अँड पोर्टर, स्टॅमफर्डचे ब्लॅकस्टोन अशी एकाहून एक नावे त्यात शिरली. मुख्य कचेरी लंडनमध्ये, आल्डविचच्या भारी इमारतीत थाटली गेली. कागदावर सगळे चोख होते: कोणी काय बनवायचे याची वाटणी, एकत्र खरेदी, एकत्र विक्री. प्रत्यक्षात काय झाले? थेटफर्डचे बरेल हे १७७० पासूनचे घराणे. त्यांची वाफेवर चालणारी, ओझे ओढणारी ट्रॅक्शन इंजिने आणि जत्रेतली रोषणाईची इंजिने आजही संग्राहक जिवापाड जपतात. १९२८ साली तो कारखाना बंद झाला आणि शेवटची काही ‘बरेल’ इंजिने गॅरेटच्या लेस्टनमध्ये जोडली गेली. १९३२ साली संपूर्ण संघच कोसळला आणि जाताना हॉवर्डसारखे सव्वाशे वर्षांच्या घरातले कारखाने बरोबर घेऊन गेला. गॅरेटचा कारखाना वाचला, तो संघातून सुटून दुसऱ्या मालकाच्या हाती गेला तेव्हा.

मान्य, तो काळ मंदीचा होता, आणि वाफेच्या इंजिनाचा जमाना तसाही संपत आला होता. एकत्र न येताही यांतले काही बुडालेच असते. पण जो उपाय रामबाण म्हणून सांगितला जातो त्याची परीक्षा कठीण काळातच व्हायची असते ना? त्या तेरा वर्षांत जे गमावले गेले ते नेमके छोट्या कारखान्याचे बळ होते. थेटफर्डचा मालक आपल्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखत होता. पडत्या वर्षी कोणाचे काम आधी करायचे, कोणाची उधारी थांबवायची, कोणत्या मोल्डरला कामाशिवायही पगारावर ठेवायचे हे त्याला कळत होते. हे निर्णय आल्डविचला गेले, तेव्हा ते निर्णय राहिले नाहीत, आकडे झाले.

दुसरा गंभीर आक्षेप दर्जाचा आहे. छोट्या ओतशाळेत तपासणीची साधने नसतात, पोकळ्या पडलेले ओतकाम सफाईने खपवले जाते, असे म्हटले जाते, आणि त्यासाठी टे नदीवरच्या पुलाचे नाव घेतले जाते. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधला हा पूल आगगाडीसकट नदीत कोसळला. गाडीतले कोणीही वाचले नाही. चौकशीत उघड झाले की पुलाचे बिडाचे खांब नदीकाठी वर्मिट येथे उभारलेल्या ओतशाळेत ओतले होते आणि त्यांतली भोके मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या मिश्रणाने बुजवून वर रंग दिला होता. घटना खरी आहे आणि भयानक आहे. पण ती ओतशाळा कोणाची होती? एका बड्या कंत्राटदाराने एका कामापुरती उभी केलेली, काम संपताच मोडायची. तिथल्या मुकादमाला त्या गावात पुढची तीस वर्षे धंदा करायचा नव्हता. गावच्या ओतशाळेचे नाव मात्र तिच्या प्रत्येक पंपावर, प्रत्येक चुलीच्या दारावर, गटाराच्या प्रत्येक झाकणावर उठावाच्या अक्षरांत ओतलेले असे, आणि ज्याच्या घरी ती चूल तडकली तो रविवारी प्रार्थनेला शेजारच्याच बाकावर बसत असे. दर्जा टिकवायला प्रयोगशाळा हवीच. पण जबाबदारीचा पत्ता कायमचा असणे ही त्याहून आधीची अट आहे, आणि ती वर्मिटला नव्हती.

कामगारांच्या बाबतीत मात्र मला छोट्या ओतशाळांचे गोडवे गायचे नाहीत. धूळ, धूर, भाजणे, फुप्फुसांत जाणारी वाळू, पोरवयातली मुले. मालक ओळखीचा आहे म्हणून यातले काही कमी होत नव्हते. १८६७ च्या कायद्यांनी मोठ्या कारखान्यांवर सरकारी निरीक्षक आले, पण पन्नासांपेक्षा कमी माणसांच्या कार्यशाळांची देखरेख स्थानिक मंडळांवर सोपवली गेली, आणि मंडळांनी ती केलीच नाही. १८७१ मध्ये ते काम निरीक्षकांकडे द्यावे लागले. यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच की, लहान आहे म्हणून कायद्यातून सूट मागणे चूक आहे. आपल्याकडेही ही सूट मागितली जाते, आणि छोट्यांची बाजू घेणाऱ्यांनीच तिला विरोध केला पाहिजे असे मला वाटते.

मग या ओतशाळा संपल्या कशाने? याचे उत्तर नॉर्विचच्याच एका माणसापासून सुरू होते. रॉबर्ट रॅन्सम हा तिथल्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला कारागीर. १७८९ मध्ये तो जवळच्या इप्स्विचला गेला. १८०३ मध्ये त्याने असा फाळ ओतला की ज्याची खालची बाजू थंड धातूला टेकून झटकन गोठते व कठीण होते, वरची बाजू सावकाश गोठते व मऊ राहते. जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजते आणि खालची धार आपोआप तीक्ष्ण राहते. १८०८ मध्ये त्याने त्याहून दूरगामी गोष्ट केली: नांगराचे भाग एकसारखे, अदलाबदल करता येण्याजोगे केले. शेतकऱ्याला शेतातच पाना घेऊन तुटलेला भाग बदलता येऊ लागला. या एका पेटंटात गावच्या ओतशाळेचे भाग्य आणि मरण दोन्ही होते. आधीची साठ वर्षे भाग्य, कारण यंत्रे वाढली तशी दुरुस्तीही वाढली, आणि १८४४-४५ मध्ये नॉर्विचला आलेल्या रेल्वेने कोक आणि कच्चे लोखंड स्वस्त केले. मग मरण, कारण तीच रेल्वे पुढे कारखान्याचा छापील कॅटलॉग आणि ठरावीक क्रमांकाचा सुटा भाग दोन दिवसांत शेतकऱ्याच्या दारात आणू लागली. तुटलेल्या वस्तूवरून पॅटर्न करणाऱ्या सुताराची गरजच उरली नाही. त्यानंतर घोडा गेला, बिडाची चूल गेली. यात आळस कुठे आहे? नातवाचा सरदारी थाट कुठे आहे?

पत आटली, म्हणजे उधारी-कर्ज मिळणे अवघड झाले, ही गोष्ट याहून कमी माहीत आहे आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. नॉर्विचमध्ये गर्नी घराण्याची पेढी होती. अशा पेढ्या कारखान्याचे ताळेबंद पाहून कर्ज देत नसत. माणूस पाहून, त्याचे दुकान, त्याची गिऱ्हाइके, त्याचा शब्द पाहून देत. १८९६ मध्ये गर्नींसह वीस खासगी पेढ्या एकत्र होऊन बार्कलेज बँक झाली. ठेवीदारांच्या दृष्टीने हे योग्यच होते. १८७० साली नॉर्विचचीच हार्वे यांची क्राउन बँक बुडून अनेकांचे पैसे गेले होते, तेव्हा ओळखीच्या पेढीला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. पण त्या सुरक्षिततेची किंमत कोणीतरी मोजलीच. सुगीपर्यंत थांबायला तयार असलेले भांडवल हळूहळू लंडनच्या नियमांखाली गेले, आणि ज्या धंद्याचे अर्धे येणे शेतकऱ्यांकडे उधारीत अडकलेले असे, त्याला नियमांत बसवणे अवघड होते.

इथे एक आक्षेप मराठी वाचकाकडून येणे स्वाभाविक आहे: ज्या साम्राज्याने आमचे लोहार बुडवले, त्याच्या ओतशाळांचे दुःख आम्ही का करावे? मुंबईतली वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, चौकटसुद्धा बिडाच्या ओतीव भागांच्या रूपात इंग्लंडमधून जहाजाने आली होती. महाबळेश्वरच्या डोंगरांत जांभ्या खडकातून लोखंड गाळणारे धावड त्याच शतकात धंद्यातून उठले. हा आक्षेप मी टाळणार नाही. पण धावड कशाने उठले ते पाहा. त्यांना कोळसा करायला लागणारे जंगल सरकारी बंधनाखाली गेले आणि बंदरातून स्वस्त विलायती लोखंड घाटावर चढले. तेही ‘मोठे झाले नाहीत’ म्हणून संपले असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? आपल्या माणसांच्या बाबतीत जे कारण आपल्याला स्वच्छ दिसते, ते नॉर्फकच्या मोल्डरच्या बाबतीत दिसू नये, आणि मग त्याच चुकीच्या कारणाने आजच्या कोल्हापूरच्या मोल्डरला दटावावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभही बेळगावच्या सायकलच्या दुकानातूनच झाला होता. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला १९०३ नंतर त्यांनी नांगर घ्यायला लावला तो त्याच्याशी बोलून, त्याच्या शेतात जाऊन. १९१० मध्ये बेळगाव सोडावे लागले तेव्हा पाठीशी उभे राहिले ते औंधचे संस्थानिक, म्हणजे माणूस पाहून मदत करणारी सत्ता. समोर दुकान, मागे कामाची जागा, दारात शेतकरी आणि जवळची पत: नॉर्विचमध्ये जे जुळून आले तेच इथे आले.

तेव्हा वादाचा प्रश्न बदलायला हवा. ‘हे मोठे का होत नाहीत’ याऐवजी, या आकाराच्या कारखान्याला काय भाड्याने मिळाले तर तो आपले काम उत्तम करील, हे विचारले पाहिजे. इंग्लंडमध्येच त्याचे उत्तर आहे. शेफील्डमध्ये सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे स्वतंत्र कारागीर स्वतःचे वाफेचे इंजिन कधी घेऊ शकले नसते. तिथे मोठ्या इमारतीत एक इंजिन चाले आणि त्याच्या दांड्यावरची एकेक जागा कारागीर भाड्याने घेत. बर्मिंगहॅममध्येही खोलीबरोबर वाफेची शक्ती भाड्याने मिळे. यंत्र सामायिक, धंदा स्वतंत्र. आजच्या ओतशाळेला इंजिन नको आहे. तिला वापरलेली वाळू पुन्हा कामाजोगी करण्याची सोय, धातूचे पृथक्करण करणारी प्रयोगशाळा, संगणकावर साच्याची चाचणी करून देणारा तंत्रज्ञ आणि फुप्फुसे वाचवणारी धूळ-शोषण यंत्रणा हवी आहे. यांतली प्रत्येक गोष्ट एकट्याला महाग आणि चाळीस जणांना मिळून परवडणारी आहे. बँकेने गहाणखतापलीकडे पाहून मोठ्या कंपनीकडे अडकलेल्या बिलांवर वेळेत पैसे दिले, आणि त्या मोठ्या कंपनीने बिले ठरल्या मुदतीत चुकती केली, तर अर्धे ‘आजारी’ कारखाने आजारी राहणार नाहीत. आणि जिथे कामच संपले असेल, मोटारीचे इंजिन विजेवर गेल्याने ज्याच्या सिलिंडर ब्लॉकला गिऱ्हाईक उरणार नसेल, तिथे त्या ओतशाळेला विलीनीकरणाचा सल्ला देणे म्हणजे बरेलला आल्डविचला पाठवण्यासारखे आहे. तिथे दुसरे काम शोधायला लागणारी चार-पाच वर्षांची मुदत आणि तिच्या मोल्डरांचा त्या काळातला पगार, याच गोष्टींची बोलणी व्हायला हवीत.